अमीनसाहेब आणि वासराचा पंचनामा

साहेबांच्या जोड्यांना दर दोन महिन्यांनी नवे तळ लागायचे. कळमनुरीच्या ठाण्यासमोर जोडे शिवणारा एक म्हातारा बसायचा. तो मला म्हणायचा, "मुन्शीजी, तुमचा अमीन हाय का टपालवाला?" मी हसून टाळायचो. पण प्रश्न खोटा नव्हता. निजामाच्या अमलात ठाण्याच्या अंमलदाराला अमीन म्हणत. अमीन म्हटलं की खुर्चीत रेललेला, पंख्याच्या वाऱ्यात डुलक्या घेणारा माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे यायचा. आमचे साहेब मात्र खुर्चीकडे बघायचेसुद्धा नाहीत. ती खुर्ची मी फायली ठेवायला वापरायचो.

मी ठाण्याचा मोहरीर, म्हणजे लिहिणारा. औंढ्याच्या देवळातल्या सेवेकऱ्यांच्या घरातला. शाळेत उर्दू शिकलो होतो आणि अक्षर बरं होतं म्हणून ही नोकरी लागली. लोक मराठीत बोलायचे आणि मी ते उर्दूत उतरवायचो, कारण सरकारचे कागद उर्दूत चालत. बाकीच्या ठाण्यांतले मोहरीर मांडी घालून लिहायचे. मला चालता चालता लिहावं लागायचं. गळ्यात दोरी बांधून एक पाटी पोटाशी लटकवलेली, तिच्यावर कागद, कमरेला दौत. पहिल्या महिन्यात माझी तीन धोतरं शाईनं खराब झाली.

साहेब जबानी घ्यायचे ती चालत. फिर्यादी असो, साक्षीदार असो, त्याला घेऊन ते नदीकडं निघायचे. एकदा मी विचारलं, "साहेब, बसून विचारलं तर काय बिघडतं?"

"बसलेला आदमी घरून तयार करून आणलेलं बोलतो," ते म्हणाले. "चालायला लागला की दम लागतो, ठेच लागते, मधेच बाभळीचा काटा येतो. मग जे खरं हाय तेच तोंडात येतं. खोटं संभाळायला निवांतपणा लागतो, मुन्शीजी."

डोंगरकडा गावचा एक जण घरफोडीची तक्रार घेऊन आला होता. चोरांनी सगळी भांडी नेली म्हणून रडत होता. साहेबांनी त्याला गावाभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या. तिसरी सुरू व्हायच्या आत त्यानं सांगून टाकलं की भांडी सासऱ्याच्या घरी आहेत. भावाला वाटणीत द्यायची नव्हती म्हणून हलवली. साहेब त्याच्यावर रागावले नाहीत. "घरी जा अन् भावाला निम्मी दे," एवढंच म्हणाले आणि चौथी फेरी एकटेच मारून आले.

साहेब मूळचे बीदरकडचे. बायको फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. बारा वर्षं मराठी मुलखात काढल्यामुळं मराठी बोलत, पण त्यात दखनीचा हात असायचा. कोटाच्या खिशात भाजलेल्या शेंगा. चहा अर्धाच पीत, कारण तेवढ्यात त्यांचे पाय दुसरीकडं निघालेले असत. बंद दाराच्या खोलीत त्यांना गुदमरायचं. थंडीतही ठाण्याची दारं-खिडक्या उघड्या, आणि मी कागद उडू नयेत म्हणून दगड शोधत फिरायचो. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत मी कधी निवांत श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. कुठल्याही घरात संशयास्पद मरण झालं की गेल्या गेल्या ते विचारायचे, "या घरात गेल्या महिन्यात जनावर कोणतं मेलं?" लोक एकमेकांकडं बघायचे. कुणी हसू दाबायचं. मला त्या प्रश्नाची लाज वाटायची. पण मी तो इमानानं लिहून घ्यायचो.

देशमुखांच्या घरी आम्ही गेलो तेव्हाही पहिला प्रश्न हाच.

गावाचं नाव सांगत नाही. बाळापूरपासून पुढं, कयाधूच्या अंगाला होतं एवढं पुरे. देशमुख म्हणजे पाचशे एकरांचे धनी. घर दुमजली, परसात गोठा, गोठ्यात पंचवीस जनावरं. पौषात थोरले देशमुख गेले. उलट्या, पोटात आग, पाय वळायला लागले आणि दीड दिवसात कारभार आटोपला. लोक म्हणाले पटकी. महिना उलटला नाही तोच त्यांचा मोठा मुलगा आबा तसाच गेला. आधी साधा ताप होता. मग उलट्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी संपला. साऱ्या गावात दुसरं कुणी पटकीनं आजारी नव्हतं. तेव्हा पाटलानं ठाण्यात वर्दी दिली.

घरात आता दोनच माणसं उरली होती. आबाची बायको, जिला सगळे वहिनीसाहेब म्हणत. आणि धाकटा भाऊ तात्या. वहिनीसाहेब वाशीमकडच्या, वऱ्हाडातल्या. लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नव्हतं. तात्या तीस वर्षांचा, अजून लग्न न झालेला, गोड बोलणारा. बापाची आणि भावाची शुश्रूषा त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. वैद्यानं दिलेली मात्रा मधात उगाळून तोच चाटवायचा. गावातल्या बाया त्याचं नाव घेऊन डोळे पुसत होत्या.

आम्ही पोहोचलो त्याच दिवशी वहिनीसाहेबांच्या खोलीतल्या कोनाड्यात सोमलाची पुडी सापडली. तात्यानंच झडतीत दिवा धरला होता. गावाला दुसरा पुरावा नको होता. वांझ बाई, परमुलखातली, आणि कोनाड्यात विष.

साहेब मात्र परसात फिरत होते. "जनावर कोणतं मेलं?" त्यांनी गिरजाला विचारलं. गिरजा घरची जुनी मोलकरीण, पन्नाशीची.

"मालक गेले साहेब, जनावराचं काय घेऊन बसले?"

"बसलो कुठं? सांग."

"एक वासरू मेलं. कपिलीचं. आबासाहेब ज्या दिशी गेले त्याच दिशी. सांजेला तोंडाला फेस आला, पाय झाडले अन् गेलं. कोन बघतंय त्याच्याकडं? घरात मढं व्हतं."

"कुठं पुरलं?"

बांधावरच्या लिंबाखाली पुरलं होतं. दुपारी बारा वाजता, अर्ध्या गावासमोर, साहेबांनी ते वासरू उकरायला लावलं. पाच पंच उभे केले. वास असा की पंच उपरणी नाकाला लावून लांब सरकत होते. साहेबांनी कळमनुरीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून वासराच्या आतड्याचे तुकडे बरणीत भरून घेतले, बरणीवर लाख लावली आणि हैदराबादला तपासायला पाठवून दिली. दोन्ही माणसांना अग्नी दिलेला होता. तपासायला वासराशिवाय काही उरलं नव्हतं. पण गावाला हे कोण सांगणार? "अमीन वासराचा पंचनामा करून राहिला," असं म्हणून पोरं आमच्या मागं हसत फिरायची. मी मान खाली घालून लिहीत होतो.

गिरजाची जबानीही मीच लिहिली. आबाच्या शेवटच्या तीन दिवसांत वहिनीसाहेब कुठं होत्या, असं मी विचारल्यावर गिरजा पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "बाई बाहेरच्या व्हत्या." साहेब तेव्हा गोठ्याच्या टोकाला होते, त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं आणि मला कळलंही. आमच्याकडं बाई महिन्यातले तीन दिवस शिवत नाही, कडेला बसते, तिला बाहेरची म्हणतात. पण हे सरकारी कागदात लिहायचं? एका मोठ्या घरच्या बाईचं? मी तिशीच्या आतला, सोवळ्याओवळ्याच्या घरातला. माझे कान तापले. मी उर्दूत लिहिलं, "त्या दिवसांत बाई घरी नव्हत्या."

कागद परभणीला गेले. जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, म्हणजे मोहतमीम, यांनी ते वाचले. बाई म्हणते मी घर सोडून कुठं गेले नाही. मोलकरीण म्हणते घरी नव्हती. म्हणजे बाई खोटं बोलते. माहेरी जाऊन विष आणलं असणार. आठव्या दिवशी हुकूम आला: बाईला अटक करून हिंगोलीला पाठवा. हैदराबादहून बरणीचं उत्तर यायचं होतं.

हुकूम हातात घेऊन साहेब देशमुखांच्या घरी गेले. बैलगाडी दाराशी उभी केली होती. वहिनीसाहेब माजघराच्या दारात डोक्यावरून पदर ओढून उभ्या होत्या. साहेबांनी बाहेरूनच विचारलं, "बाई, एकदाच सांगा. ते तीन दिवस तुमी कुठं होता?"

त्यांनी पदर आणखी पुढं ओढला. मग त्या म्हणाल्या, "घरातच होते. पण मी त्यांच्या खोलीत गेले न्हाई. ते हाका मारून राहिले होते. मी ऐकत होते. गेले न्हाई."

"नवरा हाका मारतो अन् तुमी गेल्या न्हाई? काहून?"

त्या दाराआड सरकल्या. मी साहेबांच्या मागं उभा होतो. बाईंच्या तोंडून तो शब्द निघणार नाही हे मला ठाऊक होतं. दोन परक्या पुरुषांसमोर, शिपायांसमोर ती बाई फाशी गेली असती पण ते बोलली नसती.

साहेबांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं आणि माझ्या दंडाला धरलं. "चला, मुन्शीजी. आज तुमची जबानी."

कयाधूच्या काठानं आम्ही निघालो. ऊन मी म्हणत होतं. साहेब नेहमीपेक्षा भराभर चालत होते.

"मागच्या पडवीत एक कांबळं दिसलं, एक वेगळी थाळी, एक लोटा. मी विचारलं कुणाचं. सगळ्या बाया जमिनीकडं बघायला लागल्या. तुमाला काय दिसलं?"

"तेच, साहेब."

"गिरजा काय बोलली? तुमची उर्दू नको. तिचे शब्द सांगा."

"बाई बाहेर होत्या."

"अस्सेच शब्द?"

मला दगडाची ठेच लागली. अंगठ्याचं नख उचकटलं. मी खाली बसणार तोच त्यांनी मला ओढून चालत ठेवलं. "शब्द!"

"बाहेरच्या," मी म्हणालो. "बाई बाहेरच्या होत्या, असं म्हणाली."

"बाहेर अन् बाहेरच्या, यात काय फरक?"

मी सांगितलं. अडखळत, त्यांच्याकडं न बघता, पण सगळं सांगितलं. शिवत नाहीत म्हणजे काय, पडवीतली थाळी कुणाची, त्या दिवसांत बाई स्वतःच्या खोलीतही का जात नाही, कोनाड्याला हात का लावू शकत नाही. नवरा मरत असला तरी उंबरा का ओलांडत नाही. बारा वर्षं या मुलखात राहूनही हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. कोण सांगणार?

ते आणखी भराभर चालायला लागले. मग म्हणाले, "तुमाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"व्हय."

"मग लिहिलं काहून न्हाई?"

"लाज वाटली, साहेब."

मला वाटलं ते माझ्यावर हात उगारतील. त्यांनी खिशातून शेंगा काढल्या, हातात तशाच धरल्या आणि परत टाकल्या. "आधीचं खोडायचं न्हाई," ते म्हणाले. "त्याच्याखाली लिहायचं. मला शब्द कळला होता, मी लाजलो, म्हणून चुकीचं लिहिलं. खाली तुमची सही. नोकरी गेली तर जाऊ द्या. बाई फाशी गेली तर परत येत न्हाई."

मी लिहिलं. त्या चार ओळी लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा अख्ख्या फायलीला लागला नव्हता.

बाई त्या खोलीत गेलीच नाही हे ठरल्यावर पुढचं कोडं साहेबांनी गिरजाला विचारलं. औषधाची वाटी कुणी धुतली? गिरजा भाबडेपणानं म्हणाली, "तात्यासाहेबांनी. शेवटच्या दिशी आबासाहेबांनी तोंड फिरवलं, अर्धी मात्रा वाटीतच राहिली. मी वाटी घ्यायला गेले तर म्हनले, तू दमली, ऱ्हाऊ दे, मीच धुतो. लई मायाळू लेकरू हाय."

"धुवण कुठं टाकलं?"

"बादलीत. ते जनावरालाच जातं न्हवं."

देशमुखांच्या घरात पुरुषानं वाटी विसळली, हे गावानं मायेच्या खात्यात टाकलं होतं. साहेबांना मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चैन नव्हतं. ते परसातून विहिरीकडं आणि विहिरीकडून परसात एवढ्या खेपा घालत होते की गोठ्यातली जनावरं बुजायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तात्याला चालायला नेलं. रोज सकाळी गावापासून बाळापूरच्या रस्त्यानं, उन्हं चढली की परत. रोज एकच विनंती, "तात्यासाहेब, आबांचा शेवटचा दिवस सांगा." तात्या सांगायचा. आवाज भरून यायचा. मी मागून पाटीवर लिहायचो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला तिन्ही जबान्या शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या. शब्द न् शब्द तोच. "भाऊ माझा हात घट्ट धरून होता" हे वाक्यसुद्धा त्याच जागी.

"तुमचा बाप गेला तो दिवस तुमी मला दोनदा सांगितला, मुन्शीजी," साहेब म्हणाले. "एकदा म्हणालात सकाळ होती, एकदा म्हणालात न्हाई, दुपार असंल. खरं आठवताना आदमी चाचपडतो. हा चाचपडत न्हाई."

चौथ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. हैदराबादचं उत्तर आलं नव्हतं आणि परभणीहून विचारणा आली होती की बाई अजून हिंगोलीला का पोहोचली नाही. तात्यानं सुरुवात केली. साहेबांनी त्याला मधेच अडवलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, जसं बाजारात भाव विचारावा.

"वाटी काहून धुतली?"

"गिरजाला काही होऊ नये म्हणून," तात्या म्हणाला.

आणि थांबला. रस्त्याच्या मधोमध. आम्ही दोन पावलं पुढं गेलो आणि वळून बघितलं. त्याचं तोंड उघडंच होतं. जणू तो शब्द परत आत घेता येईल का हे बघत होता. त्यानं बाप मारला होता, भाऊ मारला होता, पण गिरजानं त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिच्या बोटांना ते विष लागू नये एवढं त्याला वाटलं होतं. आणि उभ्या जन्मात भांडं विसळलं नसल्यामुळं बादलीतलं धुवण कुठं जातं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

"लिहा," साहेब मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "अन् थांबला, हे बी लिहा."

तात्या रस्त्याकडेला बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बाप आणि आबा मिळून आबासाठी मुलगा दत्तक घ्यायचं ठरवत होते. म्हणजे अर्धी जमीन कुणा परक्याच्या पोराला. वहिनी मागं राहिली तर तीही दत्तक घेणार, म्हणून पुडी तिच्या कोनाड्यात. सांगताना तो रडत होता आणि ते रडणं खरं होतं. आठवड्यानं बरणीचं उत्तर आलं. वासराच्या पोटात सोमल निघाला.

परभणीच्या कोर्टात माझ्या चार ओळी मला उभं राहून वाचाव्या लागल्या. तात्याच्या वकिलानं विचारलं, "मुन्शीजी, आणखी कुठं कुठं लाजलात?" सगळं कोर्ट हसलं. माझी बढती पाच वर्षं थांबली. तात्याला जन्मठेप झाली. वहिनीसाहेबांनी चुलत घरातलं एक लेकरू दत्तक घेतलं आणि जमीन स्वतः कसायला घेतली. साहेबांची बदली झाली, मग आणखी एक, मग आणखी एक. मोठ्या घरात हात घालणाऱ्या अमीनाला वरचे लोक एका जागी राहू देत नसत. नोकरी संपल्यावर ते परत कळमनुरीला आले आणि दोन खोल्या घेऊन राहिले. इथल्या रस्त्यांची सवय झाली, म्हणाले. मी महिन्यातून एकदा जायचो. आम्ही बोलत बोलत गावाबाहेर कोसभर जाऊन यायचो.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. फौज आली, निजामाचा अंमल गेला. त्यानंतरच्या दिवसांबद्दल आमच्या भागात अजून कुणी मोकळेपणानं बोलत नाही. कुणाच्या घराला आग लागली, कोण रातोरात निघून गेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. साहेबांनी कधी कुणाच्या केसाला धक्का लावला नव्हता. पण त्या दिवसांत कुणी ते विचारत नव्हतं. नाव काय, एवढंच विचारत होते.

पुढं वर्षभरानं मी काही कामानं देशमुखांच्या गावी गेलो तेव्हा वहिनीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. केस पांढरे झाले होते. आता पदर मागं घेऊन त्या समोर बसून बोलत होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. कळमनुरीतही घरं पेटल्याची बातमी कानावर आल्यावर त्यांनी आपली गाडी जुंपली, दोन गडी बरोबर घेतले आणि स्वतः पुढं बसून गेल्या. साहेबांना गाडीत बसवलं. भर दुपारी, सगळ्या रस्त्यानं. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी गाडी अडवली. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देशमुखाची गाडी हाय. आत माझा बाप हाय. बाजूला व्हा." लोक बाजूला झाले. हिंगोलीच्या स्टेशनावर त्यांनी साहेबांना हैदराबादकडं जाण्यासाठी गाडीत बसवून दिलं.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"बैल दमले असतील, पाणी पाजा म्हणाले. दुसरं काही न्हाई." मग त्या म्हणाल्या, "गाडी सुटेपर्यंत दारातून बाहेर बघून राहिले होते. तुमी याल असं वाटलं असंल. मी तुमाला निरोप धाडला होता, पोचला न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणालो.

निरोप पोचला होता. त्या दिवशी मी हिंगोलीतच होतो. स्टेशनापासून दोन गल्ल्या अलीकडं, मेव्हण्याच्या घरी, दाराला आतून कडी लावून बसलो होतो. गाडीची शिटी मला तिथं ऐकू आली.